सून नातीला भेटू देत नाही: ताबा मागावा की भेट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा दीड वर्षापूर्वी अपघातात गेला. सून सहा वर्षांच्या नातीला घेऊन नाशिकला माहेरी राहते. सुरुवातीला महिन्यातून एकदा भेट व्हायची. गेले चार महिने फोनही उचलला जात नाही. सुनेच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू आहेत असे कानावर आले आहे. आजी-आजोबा पुण्यात राहतात, दोघेही साठीच्या पुढे, पेन्शन आहे, घर स्वतःचे आहे. नातीचा ताबा मिळेल का? नाहीच, तर निदान भेटीचा हक्क तरी मिळेल का?

आधी थेट उत्तर देतो. या परिस्थितीत ताबा मिळणार नाही असेच धरून चाला. भेट मात्र मिळू शकते, आणि नीट मागितली तर नियमित, ठरलेल्या वारी मिळू शकते. अशा प्रकरणांत होणारे सर्वांत मोठे नुकसान म्हणजे भेटीसाठी आसुसलेले आजी-आजोबा रागाच्या भरात ताब्याचा अर्ज करतात. मग सुनेला आपले मूल हिरावले जाणार अशी धास्ती बसते, ती सगळे दरवाजे लावून घेते, आणि जी भेट सहा महिन्यांत मिळाली असती ती काही वर्षे लांबते. म्हणून अर्जाची मुख्य मागणी भेटीचीच ठेवा.

ताबा का नाही, ते समजून घ्या. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे वडिलांनंतर आई ही नैसर्गिक पालक. त्या यादीत आजी-आजोबा नाहीत. आईने पुन्हा लग्न केले म्हणून तिचे पालकत्व जात नाही. धर्मांतर किंवा संन्यास ही त्या कलमातली कारणे आहेत, पुनर्विवाह नाही. दुसरीकडे पालक व पाल्य अधिनियम, १८९० चे कलम १९ सांगते की आई किंवा वडील हयात असून ते अपात्र आहेत असे कोर्टाचे मत होत नसेल, तर मुलाच्या संगोपनासाठी दुसरा पालक नेमता येत नाही. म्हणजे ताबा मागायचा तर सून आई म्हणून अपात्र आहे हे सिद्ध करावे लागेल. तुम्ही लिहिलेल्या हकिकतीत तसे काहीही नाही. ‘ती नोकरी करते’, ‘तिचे माहेरचे घर लहान आहे’, ‘आमची परिस्थिती बरी आहे’ ही कारणे अपात्रतेत बसत नाहीत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईच्या मृत्यूनंतर मूल आजोळहून वडिलांकडे परत देताना हेच सांगितले की आजी-आजोबांचा दावा जन्मदात्यापेक्षा वरचढ ठरत नाही.

भेटीचा कायदेशीर आधार असा. ‘आजी-आजोबांना नातवंडाला भेटण्याचा हक्क आहे’ असे एका ओळीत म्हणणारे कलम आपल्याकडे नाही. पण कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ मध्ये त्या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत मुलाचे पालकत्व, ताबा आणि भेट असे तिन्ही शब्द आहेत, आणि भेट फक्त आई-वडिलांनीच मागावी अशी अट तिथे नाही. १८९० च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाच्या कोणत्याही नातेवाइकाला अर्ज करता येतो. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांसोबतच्या वेळेचाही विचार केला आहे. तो अहवाल अजून कायदा झालेला नाही, पण युक्तिवादात दाखवता येतो. कोर्टाची कसोटी मात्र एकच: या भेटीने मुलीचे भले होते का? म्हणून अर्जातले प्रत्येक वाक्य नातीच्या बाजूने लिहा. ‘आम्हाला एकुलता एक मुलगा होता, आमचे कसे होणार’ हे दुःख खरे आहे आणि न्यायाधीशांना ते समजतेही, पण त्यावर आदेश होत नाही. ‘वडील गमावलेल्या मुलीला वडिलांकडची माणसे, त्यांच्या आठवणी आणि भाषा-सणांची ओळख राहावी’ यावर होतो.

अर्ज नाशिकलाच करावा लागेल. १८९० च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल नेहमी जिथे राहते तिथले कोर्ट. मुलीचा जन्म पुण्यातला, पहिली शाळा पुण्यातली, या गोष्टींनी पुण्याला अधिकार मिळत नाही. चुकीच्या कोर्टात अर्ज टाकून वर्षभराने तो परत मिळाला, तर तोवर नात वर्षभर तुम्हाला न भेटता मोठी झालेली असते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे संगोपन, ताबा आणि भेटीचा अर्ज त्यात, आणि जिथे नाही तिथे जिल्हा न्यायालयात.

पण कोर्टाच्या आधी एक पायरी आहे आणि ती टाळू नका. भेट तुटण्याचे कारण शोधा. अशा घरांत ते बहुतेक वेळा पैशात असते. मुलाने मृत्युपत्र केले नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे त्याची आई, पत्नी आणि मुलगी या तिघी पहिल्या वर्गातील वारस आहेत, प्रत्येकी एक तृतीयांश. वडील त्या वर्गात येत नाहीत. म्हणजे मुलाच्या फ्लॅटमध्ये आजीचा हिस्सा आहे आणि नातीचाही. वारस प्रमाणपत्र, अपघाताची भरपाई, भविष्य निर्वाह निधी यांवरून वाद चालू असेल, तर सुनेच्या वकिलाचे पहिले वाक्य ठरलेले: ‘यांना नात नको, तिचा वाटा हवा आहे.’ त्याला उत्तर आधीच तयार ठेवा. नातीच्या नावची सगळी रक्कम ती १८ वर्षांची होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहावी, त्या रकमेला आम्ही हात लावणार नाही, असे अर्जातच लिहा. आजीला आपल्या हिश्शातून नातीसाठी काही ठेवायचे असेल तर तेही लिहा. मालमत्तेचा वाद वेगळ्या दाव्यात चालू द्या; भेटीच्या अर्जात त्याची एक ओळही आरोप म्हणून येऊ नये.

मग मध्यस्थ. सुनेला मान असलेली व्यक्ती निवडा: तिचा मामा, तिची मैत्रीण, मुलाचा जुना मित्र. तुमचा भाऊ किंवा जावई नको. ते जमले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज करा. त्याला खर्च नाही. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो, त्यामुळे आजीच्या नावाने अर्ज केला तर वकिलाचाही खर्च वाचतो. तडजोड झाली तर ती लेखी करा, दोघांच्या सह्या घ्या. वकिलाची नोटीस पाठवायचीच असेल तर मृदू भाषेत, एका पानाची. ‘अन्यथा कायदेशीर कारवाई’ या सुराने सुरू झालेली नोटीस पुढे सुनेच्या जबाबाला जोडली जाते.

या काळात काय करू नये, तेही सांगतो. मुलीच्या शाळेत अचानक जाऊन तिला भेटू नका. शाळा आईला कळवते आणि तुम्ही मूल पळवायला आला होतात अशी तक्रार होते. पोलिसांत ‘नातीला डांबून ठेवले आहे’ अशी तक्रार देऊ नका. मूल आईकडे आहे, ते डांबणे होत नाही. तिचे फोटो टाकून सोशल मीडियावर दाद मागू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे: भेटीसाठी आलेली नात परत पाठवायचे थांबवू नका. ‘आता आलीच आहे तर ठेवून घेऊ, मग पाहू’ हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. सून उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका (हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा ताब्यातल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी) करते, काही दिवसांत मूल हजर करावे लागते, आणि त्यानंतर कोणतेही कोर्ट तुमच्यावर विश्वास ठेवून रात्रीचा मुक्काम देत नाही.

आता अर्ज. जन्मदाखला, मुलाचा मृत्युदाखला, नाते दाखवणारे रेशनकार्ड, तुमचे पेन्शनचे कागद आणि दोघांच्या तब्येतीचे वैद्यकीय प्रमाणपत्र तर हवेतच. पण वजन पडते ते नात तुमच्या सहवासात होती याच्या पुराव्याला: तुमच्या सहीची शाळेची फी-पावती, लसीकरणाच्या कार्डावरचा पत्ता, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, वाढदिवसाचे आणि गॅदरिंगचे तारखेसह फोटो, शाळेत ‘घ्यायला कोण येणार’ या रकान्यात तुमचे नाव. भेट बंद झाल्यानंतरचे व्हॉट्सअॅप संदेश आणि न उचललेल्या फोनची नोंदही जोडा. हा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ज्या फोनवर ते संदेश आले तो फोन विकू नका, त्यातला डेटा पुसू नका. आणि संदेश देण्यापूर्वी स्वतः वाचा. त्यात तुमच्याकडून गेलेला एखादा कडवट शब्द असेल तर तो समोरचा वकील नक्की वाचून दाखवणार.

मागणी जितकी नेमकी, तितका आदेश उपयोगी. ‘भेटीचा हक्क द्यावा’ एवढेच मागितले तर आदेशही तेवढाच मोघम येतो, आणि मोघम आदेशाची अंमलबजावणी होत नाही. मी असे सुचवेन: पहिले तीन महिने दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नाशिकमध्येच, सकाळी ११ ते दुपारी २, आईला सोयीच्या जागी किंवा न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी असलेल्या खोलीत, आईकडचे कोणी सोबत असले तरी हरकत नाही. पुढचे तीन महिने त्याच दिवशी ११ ते ५, नातीला बाहेर नेण्याच्या परवानगीसह. सहा महिन्यांनंतर महिन्यातून एकदा शनिवारी सकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत पुण्याला मुक्काम. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस, मे महिन्यात सात. दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ७ ते ७.१५ व्हिडिओ कॉल. वाढदिवसाच्या दिवशी किंवा लगतच्या शनिवारी दोन तास. नातीला कोण आणणार, कोण पोहोचवणार, कुठे, प्रवासखर्च कोणाचा (तो तुम्ही घ्या) हेही लिहा. नात आजारी असेल तर बुडालेली भेट १५ दिवसांत भरून मिळावी हे वाक्य विसरू नका. भेटी बुडण्याचे सर्वाधिक दिले जाणारे कारण ताप-खोकला हेच असते. पत्ता बदलायचा, शाळा बदलायची किंवा परदेशी जायचे असेल तर सुनेने ६० दिवस आधी कळवावे, असेही मागा. तुमच्या प्रकरणात लग्नाची बोलणी चालू आहेत, म्हणून ही अट मोलाची आहे.

सोबत तुमच्याकडून हमीपत्र द्या: वेळेवर परत आणू, जिल्ह्याबाहेर आदेशाशिवाय नेणार नाही, मुलीसमोर आईबद्दल किंवा तिच्या नव्या घराबद्दल वाईट बोलणार नाही. न मागता दिलेले हमीपत्र सुनेची भीती कमी करते आणि तिच्या वकिलाच्या हातचे मुद्दे काढून घेते.

मुख्य अर्जासोबतच अंतरिम भेटीचा अर्ज त्याच दिवशी दाखल करा. १८९० च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये कोर्टाला असा तात्पुरता आदेश देता येतो. मुख्य अर्जाचा निकाल लांबू शकतो. सहा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे आजोबांचा चेहरा धूसर व्हायला पुरेसा काळ. अंतरिम आदेशावर सुरू झालेल्या भेटी सुरळीत चालल्या की अंतिम आदेश बहुधा त्याच वळणावर जातो.

कौटुंबिक न्यायालयात त्याच्या १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, परवानगी घ्यावी लागते. ती मिळते, तरी न्यायालयाच्या समुपदेशकांसमोर तुम्हालाच बोलायचे आहे. तिथे जे बोलता ते बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त मोजले जाते. सुनेबद्दल विचारले तर तिचे चांगले काय ते आधी सांगा. नातीचा वर्ग, तिच्या बाईंचे नाव, तिला काय आवडते, कशाची अॅलर्जी आहे हे माहीत असू द्या. न्यायाधीश नातीशी खाजगीत बोलू शकतात. तिचे वय पाहता तिच्या शब्दाला निर्णायक वजन नसेल, पण ती तुम्हाला पाहून धावत येते की आईच्या मागे लपते हे समुपदेशक टिपतात. तिला काय बोलायचे ते शिकवून पाठवू नका. लहान मूल पाठ केलेले वाक्य म्हणते आहे हे अनुभवी माणसाला पहिल्या मिनिटात कळते, आणि त्याचा फटका शिकवणाऱ्याला बसतो.

हे वाचणाऱ्या इतर काही आजी-आजोबांची परिस्थिती याहून वेगळी असेल. तिथे ताबा मागणे योग्य ठरू शकते, म्हणून तेही लिहितो. आई आणि वडील दोघेही गेले असतील तर १८९० च्या कायद्यातल्या कलम १९ ची अडचण उरत नाही. कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या मुलाच्या प्रकरणात स्वामिनाथन कुंचू आचार्य निकालात, २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मावशीऐवजी वडिलांकडच्या आजोबांना ताबा दिला आणि केवळ वय किंवा कमी उत्पन्न हे आजी-आजोबांना नाकारण्याचे कारण होत नाही असे म्हटले. आईच्या मृत्यूबद्दल वडिलांवरच हुंडाबळीचा खटला चालू असेल, तर निल रतन कुंडू, २००८, हा निकाल आजोळच्या बाजूने आहे. तिथे खटल्याकडे दुर्लक्ष करून वडिलांना ताबा देणे चूक ठरवले आणि मुलाची इच्छाही विचारात घेतली. मूल जन्मापासून आजीनेच वाढवले असेल तर अंजली कपूर, २००९, हा निकाल दाखवा. आई बाळंतपणात गेलेल्या मुलाच्या बाबतीत श्यामराव कोरवते, २०१०, मध्ये मूल १२ वर्षांचे होईपर्यंत आजोबांकडे ठेवले आणि वडिलांना भेट दिली. जन्मदाता हयात असलेल्या या निकालांत समान दुवा हा की मूल आधीच अनेक वर्षे तिथे रुजलेले होते किंवा जन्मदात्याबद्दल ठोस, गंभीर शंका होती. २०२४ च्या निर्मला विरुद्ध कुलवंत सिंग प्रकरणात मूल पाच वर्षे आजीकडे असताना वडिलांनी देहोपस्थितीचा मार्ग धरला, तेव्हा त्यांना रीतसर पालकत्वाच्या अर्जाकडे पाठवले गेले.

अशा वेळी पालकत्वाच्या अर्जात १८९० च्या कायद्याच्या कलम १० मधले तपशील भरावे लागतात: मुलाचे नाव, धर्म, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, मालमत्ता, सध्या कोणाकडे आहे, जवळचे नातेवाईक कोण व कुठे, आधी कोणता अर्ज झाला होता का. शिवाय पालक होण्यास तयार असल्याचे निवेदन, किमान दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. हे निवेदन नसल्याने अर्ज अडकतात. मुलाच्या मालमत्तेसाठी पालक व्हायचे असेल तर ती मागणी जिल्हा न्यायालयात. तिथे नेमले गेलात तरी त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे कोर्टाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय जमीन-घर विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. सातबाऱ्यावर अ.पा.क. (अज्ञान मुलाचा पालनकर्ता) म्हणून नाव लागले म्हणजे विक्रीचा अधिकार आला, हा मोठा गैरसमज आहे. आणि आई परगावी नोकरीला गेली म्हणून तिने स्टँप पेपरवर ‘मूल आजीला दिले’ असे नोटरी करून दिले, तर त्याने पालकत्व हस्तांतरित होत नाही. पुढे वाद झाल्यास मूल कोणाकडे होते याचा पुरावा एवढाच त्याचा उपयोग.

मुस्लिम कुटुंबांत संगोपनाच्या हक्कात आईनंतर आईची आई, मग वडिलांची आई असा क्रम मानला जातो. तिथे आजीचा मुद्दा कायद्यानेच अधिक बळकट आहे, पण अंतिम कसोटी तिथेही मुलाचे हितच. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांसाठी १८९० चा कायदा थेट लागू होतो.

तुमच्याकडे परत येतो. सुनेच्या लग्नानंतर नव्या पतीने नातीला दत्तक घ्यायचे ठरवले तर त्यासाठी आजी-आजोबांची संमती लागत नाही, आणि दत्तकानंतर जन्मघराचे कायदेशीर नाते तुटल्यासारखे होते. तुमची बाजू तेव्हा खूप कमकुवत होईल. म्हणून लग्न अडवायचा विचारही न करता, भेटीचा अर्ज मात्र आत्ताच दाखल करा. लग्नाला विरोध केलात तर भेटही गमवाल.

आदेश मिळाल्यावर प्रत्येक भेटीची वही ठेवा: तारीख, किती वाजता पोहोचलात, नात आली की नाही, काय कारण सांगितले. सून आली नाही तर तिथूनच एक साधा, सभ्य संदेश पाठवा: ‘आम्ही ११ वाजता आलो आहोत, १२ पर्यंत थांबतो.’ दोन-तीन भेटी बुडाल्यावर ही वही आणि संदेश घेऊन अंमलबजावणीचा अर्ज त्याच कोर्टात करा. एका चुकलेल्या शनिवारी धावत जाऊ नका. ताबा आणि भेटीचे आदेश कायमचे बंद होत नाहीत. परिस्थिती बदलली, नात मोठी झाली, गाव बदलले, की बदल मागता येतो, तुम्हालाही आणि सुनेलाही. अंतिम निकाल विरुद्ध गेला तर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. अंतरिम आदेशाविरुद्ध मात्र त्या कलमाखाली अपील नाही, त्यासाठी रिट याचिकेचा मार्ग आहे. नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीचा अर्ज देऊन ठेवा.